डेटाबेसचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

बारावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. अब्बा विचारतात, "मुलीने बीएस्सी आयटी घेतले आहे, डेटाबेसचे पुस्तक कोणते आणू?" अम्मी विचारते, "क्लासवाले म्हणतात आमच्या नोट्स पुरेत, खरे आहे का ते?" आणि मुलगी, मोठ्यांचे बोलणे आटोपल्यावर, हळूच विचारते, "ते जाड पुस्तक मला कळेल ना?"

या तिघांत मुलीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे बऱ्याच घरांत हा विषय शिकणारी ती पहिलीच असते. रात्री अडले तर विचारायला मोठा भाई नाही, आपा नाही, शेजारी कोणी नाही. पुस्तक हाच घरातला उस्ताद. अशा वेळी पहिले पुस्तक चुकले तर "हे पुस्तक माझ्यासाठी नाही" असे ती म्हणत नाही. ती म्हणते, "हा विषय माझ्यासाठी नाही." मग तीन वर्षांनी पदवी हाती असते आणि काम मिळते ते दिवसभर दुसऱ्याने दिलेली माहिती टाइप करण्याचे. माहिती भरणे आणि माहितीला प्रश्न विचारता येणे यांत पगाराचाही फरक आहे आणि इज्जतीचाही.

खडवलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना आणखी एक अडचण. टिटवाळ्यापर्यंत लोकल बऱ्या, पुढे मात्र आसनगाव किंवा कसाऱ्याचीच गाडी धरावी लागते. पडघ्याकडच्या गावांतून येणाऱ्यांना त्याआधी स्टेशनपर्यंतचा रस्त्याचा प्रवास. खडवलीच्या बाजारात वह्या आणि शाळेची गाइडे मिळतील, डेटाबेसचे पुस्तक हवे तर निदान कल्याण गाठावे लागते. म्हणजे पुस्तक चाळून, नापसंत पडले तर दुसऱ्या दिवशी बदलून आणण्याची चैन नाही. ऑनलाइन मागवले तर आतली पाने नीट पाहता येत नाहीत. म्हणून निवड आधीच डोक्यात पक्की हवी.

आधी या शिक्षणात नेमके काय असते ते पाहू. समजा गावात भांडी भाड्याने देणारे एक चाचा आहेत. देगा, ताटे, जग, सतरंज्या. त्यांची एकच वही. कोणी अकीक्यासाठी देगा नेल्या, वहीत नाव आणि मोबाइल. त्याच माणसाने पुढे मुलीच्या लग्नाला ताटे नेली, पुन्हा नाव, पुन्हा मोबाइल. रमजानमध्ये इफ्तारसाठी सतरंज्या, तिसऱ्यांदा नाव, आणि यावेळी नंबर वेगळा, कारण त्याने सिम बदलले. आता चाचांनी फोन करायचा तर कोणत्या नंबरवर? एकच गोष्ट तीन जागी लिहिली की तिन्ही जागा एकमेकींशी भांडू लागतात.

डेटाबेस शिकणे म्हणजे ही वही मोडून नीट मांडणे. गिऱ्हाइकांचा एक तक्ता, त्यात प्रत्येक जण एकदाच. भांड्यांचा दुसरा. कोण कधी आले, कधी परत केले याचा तिसरा. आणि त्या खेपेत कोणते भांडे किती नेले याचा चौथा, कारण एका खेपेत अनेक प्रकारची भांडी जातात आणि एकच प्रकार अनेक खेपांत जातो. हे झाले की "आज कोणाकोणाकडे देगा अडकल्या आहेत?" हा प्रश्न एका ओळीत विचारता येतो. ती ओळ ज्या भाषेत लिहायची तिचे नाव एसक्यूएल. आणि चाचांच्या मुलाने मोबाइलवर बटण दाबताच हा प्रश्न आपोआप विचारला जावा, अशी सोय करणे हे डेटाबेस प्रोग्रामिंग.

म्हणजे शिकण्याचे थर तीन : मांडणीचे तत्त्व, विचारण्याची भाषा, आणि या दोघांना प्रोग्रामशी जोडणे. तिन्हींसाठी एकच उत्तम पुस्तक मिळणे कठीण. कॉलेजच्या यादीत बहुधा पहिल्या थराचे पुस्तक असते, मुलांना गरज दुसऱ्याची असते आणि फूटपाथवर तिसऱ्याचे मिळते. गोंधळ इथूनच सुरू होतो.

तत्त्वाच्या पुस्तकांपासून सुरुवात करू. या विद्येचा पाया घातला एडगर कॉड यांनी. आयबीएम कंपनीत काम करताना १९७० साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला : माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी, आणि ती यंत्रात कुठे, कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावरून प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षे उलटली तरी तो पाया हललेला नाही, आणि पुस्तक विकत घेणाऱ्याला हीच गोष्ट उपयोगी आहे. तत्त्वाचे पुस्तक दहा-पंधरा वर्षे जुने असले तरी चालते. त्यावर नवे पैसे घालण्याची गरज नाही.

मुंबई परिसरातल्या कॉलेजांत सर्वाधिक ऐकू येणारे नाव म्हणजे सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे 'डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स'. पहिली आवृत्ती १९८६ ची. यातले सुदर्शन पवईच्या आयआयटीत शिकवत आले आहेत, हे आपल्या मुलांना कळले की पुस्तक थोडे जवळचे वाटते. उदाहरणही ओळखीचे आहे : एक विद्यापीठ, त्यातले विभाग, शिक्षक, विद्यार्थी, कोणी कोणता विषय घेतला. सातवी आवृत्ती तेराशेहून अधिक पानांची आहे. ती लोकलमध्ये उभ्याने वाचण्याची वस्तू नाही, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचीही नाही. नवशिक्याने पहिली चार प्रकरणे, मग मांडणीची सहावी आणि सातवी वाचावीत. डिस्कवरची साठवण, इंडेक्सची आतली रचना वगैरे शेवटच्या वर्षासाठी ठेवावे. या पुस्तकाच्या संकेतस्थळावर लेखकांच्या स्लाइड्स आणि सरावाच्या काही प्रश्नांची उत्तरे मोफत आहेत. त्या विद्यापीठाच्या तक्त्यांवर ब्राउझरमध्येच एसक्यूएल चालवून पाहण्याची सोयही आहे, आणि ज्या घरात लॅपटॉप नाही तिथे ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरे मोठे पुस्तक एल्मासरी आणि नवाथे यांचे 'फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टम्स', १९८९ पासून चालत आलेले. यातल्या श्यामकांत नवाथे यांनी अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये प्राध्यापक म्हणून शिकवले. आकृत्या काढून मांडणी कशी करावी हे या पुस्तकाइतके सावकाश फार कमी ठिकाणी समजावले आहे. सातव्या आवृत्तीत मात्र आकृत्या आधी येतात आणि एसक्यूएल बरेच नंतर. ज्या मुलाला काहीतरी चालवून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्याचा धीर तोवर सुटतो. सी. जे. डेट यांचे 'ॲन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टम्स' काही यादींत अजून दिसते. १९७५ पासूनचे, विचाराने फार खोल, पण माझ्या मते पहिले पुस्तक म्हणून ते कोणाच्याही हाती देऊ नये.

ही पुस्तके माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात, मागच्या वर्षाच्या मुलांकडेही मिळतात. एक आवृत्ती मागची असली तरी हरकत नाही. समासात कोणी पेन्सिलीने टिपणे केली असतील तर उलट फायदाच.

आता दुसरा थर, भाषा. इथे हिशेब उलटा होतो. हत्यार शिकवणारे पुस्तक नवे हवे, आणि घरातल्या हत्याराशी जुळणारे हवे. एसक्यूएल ही एकच भाषा असली तरी ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूलाइट यांचे उच्चार वेगळे आहेत. खडवलीची मराठी आणि रत्नागिरीची मराठी जशी एकच, तरी पाहुण्याला दोन शब्द अडतातच. माणूस अंदाजाने समजून घेतो, यंत्र घेत नाही.

याचा सर्वांत जास्त त्रास होतो तो एका चांगल्या पुस्तकाने. आयव्हन बेरॉस यांचे एसक्यूएल आणि पीएल-एसक्यूएलवरचे, बीपीबी प्रकाशनाचे पुस्तक मुंबईत दोन पिढ्यांनी वापरले आहे. सराव भरपूर, भाषा सोपी, सगळे पायरीपायरीने. पण ते ओरॅकलसाठी आहे. त्यातला 'व्हारकॅरटू' हा प्रकार घरच्या मायएसक्यूएलमध्ये टाइप केला की पहिल्याच धड्याला चूक दाखवली जाते. मुलगी तीनदा तपासते, अक्षर न् अक्षर जुळते, तरी चूक. दोष तिचा नाही, पुस्तकाचाही नाही, जोडी चुकली आहे. पीएल-एसक्यूएल तर पूर्णच ओरॅकलचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओरॅकल असेल तर हे पुस्तक जरूर घ्यावे. नसेल तर नको. म्हणून दुकानात जाण्याआधी सरांना किंवा मॅडमना एकच गोष्ट विचारावी : प्रॅक्टिकलला कोणता डेटाबेस आहे?

मायएसक्यूएल असेल तर ॲलन बोलिउ यांचे 'लर्निंग एसक्यूएल' मला पहिल्या पसंतीचे वाटते. तिसरी आवृत्ती २०२० ची, चारशेच्या आत पाने. सगळी उदाहरणे 'साकिला' नावाच्या मोफत मिळणाऱ्या नमुना डेटाबेसवर आहेत. तो आहे चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा. आपल्या मुलांनी असे दुकान पाहिलेलेच नाही, ते काय असायचे हे अब्बांनीच सांगावे. पण मघाच्या भांडीवाल्या चाचांशी त्याचे नाते लगेच लक्षात येईल : गिऱ्हाईक, वस्तू, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. याच पुस्तकाची २००९ ची दुसरी आवृत्ती स्वस्तात दिसते. ती घेऊ नये. मायएसक्यूएलच्या आठव्या रूपात, २०१८ मध्ये, विंडो फंक्शन्ससारख्या ज्या महत्त्वाच्या सोयी आल्या, त्या तिच्यात कशा असणार? ओरायलीची अशी अनेक पुस्तके भारतात श्रॉफ पब्लिशर्सच्या छपाईत मिळतात आणि परदेशी प्रतीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. मागवताना भारतीय प्रत आहे का, हे पाहून घ्यावे.

पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर अँथनी डीबॅरोस यांचे 'प्रॅक्टिकल एसक्यूएल', दुसरी आवृत्ती, २०२२. लेखक पत्रकारितेतले आहेत, त्यामुळे आकड्यांतून बातमी कशी काढावी या अंगाने शिकवतात. उदाहरणे अमेरिकेच्या जनगणनेची आहेत, तेवढे सोसावे लागते. लोकलमधल्या अर्ध्या तासासाठी बेन फोर्टा यांचे दहा-दहा मिनिटांच्या धड्यांचे छोटे पुस्तक चांगले. बावीस धडे, आणि कोणत्या डेटाबेसमध्ये काय वेगळे हे जागोजागी सांगितलेले. चित्रांनी भरलेले 'हेड फर्स्ट एसक्यूएल' २००७ चे आहे. काही मुलांना ते फार आवडते. मात्र त्यातल्या डोनटच्या आणि सर्कशीतल्या विदूषकांच्या गमती इंग्रजी कच्चे असणाऱ्याला समजायला विषयापेक्षा अवघड जातात.

इंग्रजीचा मुद्दा टाळून चालणार नाही. आपली कितीतरी मुले मराठी किंवा उर्दू माध्यमातून येतात. त्यांना मी सांगेन की जाड पुस्तक उघडण्याआधी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस आणि कॉम्प्युटर सायन्सची पुस्तके पाहा. संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. वाक्ये छोटी, इंग्रजी साधे, आणि सुरुवातच होते ती वर्गाची हजेरी ठेवणाऱ्या शिक्षकापासून : विद्यार्थ्याचा तक्ता, पालकाचा तक्ता, हजेरीचा तक्ता. बालभारतीच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकातही डेटाबेसचा धडा आहे, पोस्टग्रेएसक्यूएलवर. "आम्ही तर कॉलेजात आहोत, शाळेचे पुस्तक कशाला?" असे मुले म्हणतात. म्हणू द्यावे. चार दिवसांत वाचून होते आणि मग तेराशे पानांची भीती निम्मी होते. मराठीतून ऐकायचे असेल तर मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिब्रे ऑफिस बेसवरचे धडे मराठीत आहेत. तक्ते आणि त्यांचे नाते म्हणजे काय, हे त्यातून डोळ्यांना दिसते.

परीक्षेच्या गाइडांबद्दल एवढेच : परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती कामाची आहेत. क्लासच्या नोट्सचेही तेच. उत्तर लिहायला शिकवतात, प्रश्न विचारायला नाही.

तिसऱ्या थरात, म्हणजे डेटाबेस प्रोग्रामशी जोडण्याच्या पुस्तकांत, सर्वांत जास्त सावध राहावे लागते. फोर्टच्या फूटपाथवर पीएचपी आणि मायएसक्यूएलची जुनी पुस्तके थोडक्या पैशांत मिळतात. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांत डेटाबेस जोडण्याची जी जुनी पद्धत दिली आहे, ती २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपीच्या सातव्या रूपातून काढूनच टाकली आहे. पान उघडून 'मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट' असे शब्द दिसले की पुस्तक परत ठेवावे. 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ' असेल तर पुढे वाचावे.

हे केवळ जुन्या-नव्याचे भांडण नाही. जुन्या पुस्तकांत वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलच्या ओळीत चिकटवायला शिकवलेले असते. मग कोणी नावाच्या रकान्यात नावाऐवजी एसक्यूएलचाच तुकडा टाइप केला तर डेटाबेस तो हुकूम समजून पाळतो आणि सगळ्यांची माहिती बाहेर काढून देतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. त्यावरचा उपाय, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, अवघड नाही. प्रश्नाचा सांगाडा आधी पाठवायचा आणि माणसाने भरलेली माहिती वेगळी. जे पुस्तक हे शिकवत नाही ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. दवाखान्यातले आजार, शाळेतले गुण, पतपेढीतली बाकी ही लोकांची अमानत असते, आणि उद्या आपलीच मुले तिची राखण करणार आहेत.

दुकानात उभे राहून दहा मिनिटांत पुस्तक कसे पारखावे? पहिली तीस-चाळीस पाने चाळा. तेवढ्यात एखादा तक्ता तयार करून त्याला एखादा प्रश्न विचारून झाला नसेल, तर ते पहिले पुस्तक नव्हे. मग मागच्या सूचीत 'नल' हा शब्द शोधा. चाचांच्या वहीत परत आल्याची तारीख रिकामी आहे, म्हणजे देग अजून बाहेर आहे. ही रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. तिला बरोबरचे चिन्ह लावून शोधले तर काहीच सापडत नाही, 'इज नल' असेच विचारावे लागते. नवशिक्याचे अर्धे तास याच गाठीपाशी वाया जातात, आणि चांगला लेखक तिथे थांबून समजावतो. त्यानंतर 'लेफ्ट जॉइन' पाहा. ज्यांनी यंदा एकदाही भांडी नेली नाहीत अशा गिऱ्हाइकांची यादी, अशा प्रकारचे, म्हणजे न सापडणाऱ्या ओळींचे उदाहरण दिले आहे का? नुसती दोन गोल वर्तुळे काढून पान उलटले असेल तर समजावण्यात कसूर आहे. शेवटी कोणतेही एक पान मुलीला हळू वाचायला सांगा. वाक्यागणिक शब्दकोश लागत असेल तर पुस्तक कितीही नावाजलेले असो, यंदा नको. ही शेवटची परीक्षा मुलीनेच घ्यावी, दुकानदाराने किंवा अब्बांनी नाही.

खर्चाचे म्हणाल तर सॉफ्टवेअरवर एक पैसा घालावा लागत नाही. मायएसक्यूएलचे मोफत रूप, पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट अशी तिन्ही हत्यारे फुकट मिळतात. जुन्या, कमी ताकदीच्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट सहज चालते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या अधिकृत मोफत मार्गदर्शिकेत नवशिक्यांसाठी वेगळा भागही आहे. पुस्तकांचा भार वाटून घेता येतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. तिथे किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात तत्त्वाचे जाड पुस्तक मिळते का, हे आधी पाहावे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीतर्फे पुस्तकांच्या आदानप्रदानाचे प्रदर्शन भरते, तिथे घरात पडून असलेली कादंबरी देऊन दुसरे पुस्तक आणता येते. डेटाबेसचेच मिळेल याची खात्री नाही, पण पाहायला हरकत नाही.

खडवलीहून, वासिंदहून एकाच गाडीने कल्याणला जाणाऱ्या तीन मैत्रिणी असतील तर त्यांनी तिघींत तीन वेगळी पुस्तके घ्यावीत : एकीने किंग्ज सर्कलहून जुने तत्त्वाचे, दुसरीने कॉलेजच्या डेटाबेसशी जुळणारे नवे एसक्यूएलचे, तिसरीने फोर्टांचे छोटे, प्रवासासाठी. एनसीईआरटी तिघींच्या मोबाइलवर. दर महिन्याला पुस्तके फिरवावीत. आणि सरावाला डीव्हीडीचे दुकान परके वाटले तर मुहल्ल्यातल्या भांडीवाल्या चाचांची, किराणा दुकानाच्या उधारीची किंवा अम्मीच्या भिशीची वही मागून घ्यावी, मोबाइल नंबर खोटे घालून. भिशीत बारा बायका, बारा महिने, कोणी उशिरा पैसे दिले, कोणाची पाळी कोणाशी बदलली, एवढ्या एका वहीत चारही तक्ते निघतात.